जुन्या फटफटीची पारख

आमच्या घरांत गेल्या श्रावणापासून एकच विषय चालला होता, व तो म्हणजे धाकट्या भावाच्या मुलानें घ्यावयाची मोटारसायकल. आमच्या आईच्या तोंडीं तिचें नांव अजून ‘फटफटी’ असेंच आहे, आणि मलाही तोच शब्द अधिक गोड वाटतो. चिरंजीव इंजिनिअर, नोकरीला लागून तीन वर्षें झालेलीं. रोज गोडदेवहून भाईंदर स्टेशनापर्यंत पायीं जावयाचें व तेथून लोकलनें कचेरी गांठावयाची, हा त्याचा क्रम. तेव्हां नित्याच्या कामासाठीं त्याला गाडीची गरज नाहीं, हें उघड होतें. त्याला जावयाचें होतें हिमालयांत, सिमल्याहून किन्नौरमार्गें स्पितीच्या खोऱ्यांतील काझा या गांवीं, आणि तेंही स्वतःच्या वाहनानें. नवी गाडी घेण्याइतके पैसे गांठीं नव्हते. कर्ज काढण्यास वडिलांची संमति नव्हती. म्हणून कोणी वापरलेली, परंतु डोंगरांत टिकेल अशी गाडी शोधावी, असें त्याच्या मनानें घेतलें.

घरांत अर्थात् सभा भरली. वहिनींनीं जेवण टाकलें नाहीं, पण बोलणें टाकलें. भावाचें म्हणणें असें कीं, दुसऱ्यानें टाकलेली वस्तु घेऊन तिसऱ्याच प्रांतांत जाण्यांत शहाणपण कोणतें? आईनें सर्वांचें ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला : “अरे, ती आडवी पडली तर तुला एकट्याला उचलवेल का?” चिरंजीवांपाशीं उत्तर नव्हतें. अश्वशक्ति, वेग, किंमत यांचे आंकडे त्याला मुखोद्गत होते; हा प्रश्न मात्र त्यानें वाचलेल्या कोणत्याच वर्णनांत आला नव्हता. पुढें दोन महिने मी त्याच्याबरोबर गाड्या पाहत हिंडलों, आणि जों जों हिंडलों तों तों आईच्या त्या प्रश्नाची किंमत मला अधिक कळूं लागली. ओसाड रस्त्यावर माणूस एकटा असतो. तेथें जी गाडी त्याला उचलतां येते, दुरुस्त करतां येते व आपली म्हणून कागदानें सिद्ध करतां येते, तीच त्याची. अशीच मागणी वाचकांपैकीं कांहींच्या घरींही आली असेल, म्हणून हा अनुभव थोडा विस्तारानें देत आहें.

अशा प्रवासाच्या गाड्यांचा एक निराळा वर्गच अलीकडे आपल्या देशांत रूढ झाला आहे. स्प्रिंगा लांब, पुढचें चाक मोठें, पोट जमिनीपासून उंच, हँडल रुंद व बैठक ताठ. खडकाळ वाटेवर पायांवर उभें राहून चालवितां यावी अशी बांधणी. हीरोची दीडशें सीसीची इम्पल्स २०११ सालींच आली होती, पण ती बिचारी काळाच्या आधीं जन्मली. मार्च २०१६ मध्यें रॉयल एन्फील्डची हिमालयन आली आणि ह्या प्रकाराला खरा गिऱ्हाईकवर्ग लाभला. तिचें इंजिन ४११ सीसीचें, बैठक जमिनीपासून ८०० मिलिमीटरवर, पोटाखालीं २२० मिलिमीटर मोकळी जागा, टाकी १५ लिटरची. मे २०१९ मध्यें हीरोची दोनशें सीसीची एक्सपल्स आली. ती पुष्कळ हलकी, परंतु बैठक ८२३ मिलिमीटर उंच. जानेवारी २०२० मध्यें आली केटीएमची ३९० अॅडव्हेंचर. ती आपल्या पुणें जिल्ह्यांत चाकणला बनते. तिची शक्ति हिमालयनच्या दीडपटीहून अधिक, आणि बैठक तब्बल ८५५ मिलिमीटर. नोव्हेंबर २०२३ मध्यें हिमालयनचा नवा ४५० सीसीचा अवतार आला व जुनी ४११ बंद पडली. त्यामुळें वापरलेल्या ४११ बाजारांत पुष्कळ दिसतात.

चिरंजीवांचें मन अर्थात् सर्वांत बलवान गाडीवर बसलें होतें. परंतु त्यांची उंची पांच फूट पांच इंच. त्या गाडीवर बसल्यावर एका बाजूचा अंगठा तेवढा भुईला लागे. सपाट रस्त्यावर तेवढ्यानें भागतें. पण चढावर, वाळूंत, मागें सामान बांधलेलें असतांना गाडी थांबली कीं, ज्या बाजूस पाय पोंचत नाहीं त्याच बाजूस ती नेमकी कलते. दोन्ही पायांचे निदान चवडे टेकलेच पाहिजेत, असा नियम मीं घालून दिला, व त्यानें थोडा वेळ रुसून तो मान्य केला.

मग आईच्या प्रश्नाची परीक्षा. त्याच्या एका मित्राची हिमालयन एका रविवारीं आमच्या इमारतीच्या आवारांत आणविली, माळ्यावरची एक जुनी गादी खालीं पसरली व गाडी तीवर अलगद आडवी केली. शेजाऱ्यांची करमणूक झाली, हें सांगावयास नकोच. पेट्रोल भरलेल्या ह्या गाडीचें वजन दोनशें किलोच्या आसपास असतें. हातांच्या जोरानें ती उचलूं गेल्यास कंबर जाते. खरी रीत अशी : गाडी गिअरमध्यें टाकावी; ती उजव्या अंगावर पडली असेल तर डाव्या बाजूचें स्टँड आधींच उघडून ठेवावें, नाहीं तर उचललेली गाडी पलीकडे कोसळते. मग तिच्याकडे पाठ करून बैठकीला कंबर टेकावी, एका हातानें हँडलचें खालचें टोंक व दुसऱ्यानें मागची पट्टी धरावी, आणि पाठ ताठ ठेवून लहान लहान पावलें मागें टाकीत पायांच्या जोरावर उठावें. तिसऱ्या खेपेस चिरंजीवांना तें साधलें. नंतर मागें तांदुळाचीं दोन पोतीं बांधून पाहिलीं, तेव्हां मात्र गाडी हलली नाहीं. एवढ्या एका प्रयोगानें पुढचा अर्धा वाद मिटला : सामान असें हवें कीं पडल्या जागीं दोन मिनिटांत तें सोडवितां यावें.

एकूण सहा गाड्या आम्हीं पाहिल्या. वाटेंत पितृपक्ष आला. त्या पंधरवड्यांत खरेदी नको असें वहिनींनीं सांगितलें, व तें आमच्या पथ्यावरच पडलें. घाई करणाऱ्या दोन विक्रेत्यांनीं किंमत आपण होऊन उतरविली. पहिली गाडी दिसण्यांत सर्वांत राजस होती. दोन्ही बाजूंस अॅल्युमिनिअमच्या पेट्या, पुढें चार जादा दिवे, टाकीवर लेह-लडाखचीं रंगीत चित्रें. मीं इंजिनाला हात लावला तों तें कोमट! आम्ही येण्यापूर्वींच मालकानें तें तापवून ठेविलें होतें. जुन्या गाडीचा स्वभाव थंड इंजिनांत कळतो. सुरू होण्यास ती किती कुरकुरते, पहिल्या मिनिटांत कोणते आवाज करते, धूर निळा निघतो कीं काळा, हें सारें तापलेल्या इंजिनांत झांकलें जातें. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. पुढें पेट्यांच्या मागें वाकून पाहिलें, तेव्हां मागच्या सांगाड्यास वेल्डिंगचा ताजा टांका दिसला. जड पेट्या बांधून खडबडीत रस्त्यावर धांवल्यानें सांगाडा तेथेंच तडकतो. गाडीचें जें भूषण म्हणून दाखविलें जात होतें, तेंच तिच्या दुखण्याचें मूळ होतें.

येथें आमच्या गांवाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. गोडदेव हें भाईंदर पूर्वेचें जुनें गांवठाण. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, आणि आसपास मिठागरें. ह्या हवेंत लोखंडाचें आयुष्य थोडें. आमच्या सज्जाच्या गजांना दर दोन वर्षांनीं रंग द्यावा लागतो. मग उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीचें काय होत असेल? म्हणून किनाऱ्याकडची गाडी पाहतांना टाकीच्या चकाकीकडे न पाहतां बॅटरी घेऊन खालीं वांकावें. सायलेन्सरचें पोट, स्टँडची बिजागरी, बोल्टांचीं डोकीं आणि चाकाच्या तारा जेथें रिममध्यें शिरतात तेथला भाग हे गंजाचे पहिले बळी. टाकीचें झांकण उघडून आंतही उजेड पाडावा. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें हवेंतील ओल ओढून घेतें; महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकींत त्यामुळें गंज धरतो, आणि अशा पेट्रोलासाठीं न बनविलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही लवकर कडक होतात. पावसाळ्यांत सखल भागांत पाणी सांचतें, तेव्हां पुरांत बुडालेली गाडी धुऊनपुसून विकावयास येण्याचाही संभव असतो. बैठक काढून खालचे कोपरे पाहावे, हवेच्या फिल्टरची पेटी उघडावी. तेथें वाळलेला गाळ सांपडला, किंवा विजेच्या तारांचे सांधे हिरवे पडलेले दिसले, तर चहा पिऊन परत यावें.

बाकीची तपासणी कोणाही डोळस माणसाला जमण्यासारखी आहे. चेन ज्या चक्रावर फिरते त्याचे दांते एका बाजूस वाकून आंकड्यासारखे झाले असतील, तर चेन व चक्रें दोन्ही बदलावीं लागतील. चाकाच्या तारांवर एकेक करून स्क्रू-ड्रायव्हरची टिचकी मारावी. ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. पुढचें चाक अधांतरीं धरून हँडल सावकाश फिरवावें. मधोमध येतांच अडखळल्यासारखें झालें तर मानेंतील बेअरिंगें झिजलीं आहेत. गॅरेजवाले ह्यालाच कोन-सेट गेला म्हणतात. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचें कडें दिसतें का, तेंही पाहावें. टायरच्या कडेला चार आंकडे कोरलेले असतात. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा रबर ओल्या डांबरावर भरंवशाचा नव्हे. आणि किलोमीटरचा आंकडा बारा हजार, पण गिअरच्या दांड्याचें व पाय ठेवण्याच्या पट्टीचें रबर गुळगुळीत, असा विसंवाद आढळला तर रबरावर विश्वास ठेवावा.

सालाची निवडही विचारपूर्वक करावी. नव्या यंत्राची पहिल्या वर्षाची तुकडी मी सहसा घेत नाहीं. शिवाय २०१६ ची हिमालयन कार्ब्युरेटरची. २०१७ पासूनच्या गाडींत पेट्रोल फवाऱ्यानें मोजून सोडण्याची योजना आहे. उंचीवर हवा विरळ होते, व इंजिनाची शक्ति दर हजार मीटरला सुमारें एक दशांशानें घटते. काझापलीकडील कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरांवर आहे. तेथें पेट्रोलाचें माप आपोआप जुळवून घेणारी गाडी बरी. दुसरें, जोरानें ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊं न देणारी एबीएसची योजना १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीस सक्तीची झाली. त्यानंतरची गाडी मिळत असतां आधीची कां घ्यावी? शेवटीं नाशिकच्या एका गृहस्थांची २०१९ सालची, एकतीस हजार किलोमीटर चाललेली हिमालयन आम्हीं पसंत केली. तिच्यावर एकही चित्र नव्हतें, एक आरसा दुसऱ्या जातीचा होता, परंतु प्रत्येक सर्व्हिसची पावती क्रमानें लावलेली वही त्यांनीं पुढें ठेविली. त्या वहीनें माझें मत बनलें. चिरंजीवांना रंग आवडला नाहीं.

कागदपत्रांच्या बाबतींत मी थोडा जाचक वागलों, आणि त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं माझी जुनी स्कूटर एका ओळखीच्या माणसाला विकली. पैसे घेतले, किल्ली दिली, आणि ‘नांव पुढच्या महिन्यांत करून घेतों’ या त्याच्या शब्दावर विसंबलों. तो महिना कधीं उगवलाच नाहीं. दीड वर्षानें त्या स्कूटरची एका हातगाडीला धडक बसली, एका गरीब माणसाचा पाय मोडला, आणि समन्स आलें माझ्या नांवें. सुटीचे किती दिवस न्यायालयाच्या बांकावर गेले तें सोडा. त्या माणसाची बायको समोर बसलेली असे आणि मला तिच्याकडे पाहवत नसे. फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हाच मुद्दा निःसंदिग्ध करून टाकला आहे : ज्याचें नांव नोंदणींत, तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक व भरपाईला जबाबदार, मग मधल्या काळांत गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणून विकणारा व घेणारा दोघांनींही हें काम त्याच आठवड्यांत उरकावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत कळवावयाचें असतें. त्यासाठीं नमुना २९ व ३० लागतात. गाडीवर कर्ज असल्यास तें फिटल्याचा नमुना ३५, आणि गाडी परराज्यांतली असल्यास नमुना २८ चा ना-हरकत दाखला. विमा आपल्या नांवावर करून घेण्याचा अर्जही चौदा दिवसांत द्यावा. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशीं अक्षरशः ताडून पाहावा, आणि थकलेले दंड किती आहेत तें परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पैसे देण्यापूर्वींच पाहावें, नंतर नव्हे.

आतां साजशृंगार. खरेदीसाठीं जेवढी रक्कम जमविली असेल तिचा चौथा हिस्सा बाजूला बांधून ठेवावा, असें माझें मत आहे. आणि तो प्रथम न दिसणाऱ्या वस्तूंवर खर्चावा. आम्हीं दोन्ही टायर व ट्यूबा, ब्रेकचे पॅड, चेन-चक्रें, मानेचीं बेअरिंगें आणि इंजिनाचें तेल बदललें. चिरंजीवांच्या यादींत ह्यांतलें कांहींच नव्हतें. तिच्यांत चार दिवे व मोठा सायलेन्सर होता. दिव्यांवरून आमचा थोडा खटका उडाला. समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर झोत मारणारा दिवा म्हणजे आपण होऊन मागविलेला अपघात. शिवाय नोंदणींत लिहिलेल्या स्वरूपांत मनमानी फेरफार करण्यास त्याच कायद्याचें कलम ५२ आड येतें. मूळचा दिवा स्वच्छ व नीट रोखलेला असला म्हणजे पुरे. रात्रीं डोंगरांत चालवावयाचीच कशाला?

इंजिनाभोंवतीं लोखंडी गार्ड व हातांपुढें ढाली ह्या मात्र घ्याव्या. पडल्यावर क्लचचा दांडा मोडला तर प्रवास तेथेंच संपतो. सामानासाठीं पत्र्याच्या पेट्यांऐवजीं जाड कापडी पिशव्या घेतल्या. त्या हलक्या असतात, आपटल्या तर वाकत नाहींत, आणि गाडी अंगावर आल्यास पाय पत्र्याच्या धारेखालीं सांपडत नाहीं. जड वस्तु खालीं व मध्याजवळ, कपडे वर. हिमालयनच्या चाकांत ट्यूब असते, म्हणून दोन्ही मापांची एकेक ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, हातपंप, आणि क्लच व अॅक्सिलरेटरच्या जादा केबली घेतल्या. पंक्चर काढण्याची विद्या चिरंजीवांनीं गोडदेव नाक्याजवळच्या एका टायरवाल्यापाशीं चार संध्याकाळ बसून शिकून घेतली. त्या गृहस्थानें पैसे घेतले नाहींत, फक्त दर खेपेस चहा मागितला. पेट्रोलाचे जादा डबे मात्र मीं घेऊं दिले नाहींत. मनालीहून लेहला जातांना टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. पण पंधरा लिटरांत लिटरला तीस किलोमीटर धरले तरी साडेचारशें होतात, आणि काझाला तर पंप आहेच. पैसे राहिले होते त्यांत आयएसआय छापाचें चांगलें हेल्मेट, हातमोजे व घोट्यावर येणारे बूट घेतले. हेल्मेट मात्र जुनें घेऊं नये. तें कधीं आपटलें होतें हें बाहेरून कळत नाहीं.

कागद कोठें ठेवावे? २०२५ सालीं मुंबईहून निघून सतरा देश ओलांडून इंग्लंडला पोंचलेल्या एका मराठी तरुणाची गाडी तेथील नॉटिंगहॅम शहरांत भर दिवसा चोरीस गेली, आणि पेट्यांत असलेला पासपोर्ट, पैसे व सामान तिच्याबरोबर गेलें. ही हकीकत वाचल्यापासून वहिनींनीं चिरंजीवांच्या बंडीला आंतून खिसा शिवून दिला आहे. त्या पुन्हां बोलूं लागल्या त्या ह्या खिशापासून.

गोडदेवहून सिमला सतराशें-अठराशें किलोमीटर. तेवढें अंतर सपाट महामार्गावर थकून डोंगर चढण्यापेक्षां गाडी रेल्वेनें चंडीगडपर्यंत पाठवावी, असें आम्हीं ठरविलें आहे. टाकी पूर्ण रिकामी करून, आरसी बुकाची प्रत देऊन ती पार्सल म्हणून नोंदवितां येते. तत्पूर्वीं जानेवारींत एक रंगीत तालीम झाली. सर्व सामान बांधून काशीमिऱ्याहून महामार्गानें मनोर, तेथून विक्रमगड, जव्हार व मोखाडा; मुक्काम एक. परत आल्यावर गाडीचा एकेक बोल्ट तपासला, तेव्हां मागच्या कॅरिअरचा एक नाहींसा झालेला व दोन ढिले पडलेले आढळले. डाव्या गार्डावर एक ओरखडा होता. त्याविषयीं भावानें विचारलें, तेव्हां चिरंजीवांनीं “भिंतीला घांसली” असें सांगितलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर तो आईच्या खाटेजवळ जाऊन बसला. मी शेजारच्या खोलींत होतों. “आजी, पडलों होतों,” तो हळूच म्हणाला. “मोखाड्याच्या पुढें, मुरमावर. पिशव्या सोडल्या आणि उचलली.”

“किती वेळांत?” आईनें विचारलें.

“दुसऱ्या खेपेस.”

जूनच्या पहिल्या आठवड्याचें आरक्षण झालें आहे.